सतराव्या लेण्याचा धनी

जळगाव शहराला वाघूर धरणाचे पाणी मिळते. ही वाघूर अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, सातकुंडाच्या धबधब्यावरून खाली उडी घेते, लेण्यांच्या पायाशी घोड्याच्या नालासारखे वळण घेते आणि फर्दापूरवरून जामनेर तालुक्यात उतरून पुढे तापीला मिळते. जळगावहून भुसावळला रेल्वेने जाणारा प्रत्येक माणूस तिचा पूल ओलांडतो. म्हणजे अजिंठ्याच्या लेण्यांवर पडलेल्या पावसाचा थेंब दक्षिणेकडे गोदावरीला जात नाही. तो उत्तरेकडे, खानदेशात येतो. लेणी घाटाच्या खाली आहेत. ज्या गावाचे नाव त्यांना चिकटले ते अजिंठा गाव मात्र घाटाच्या वर आहे.

भूगोल इतका स्पष्ट असताना अजिंठा ‘आपला’ आहे असे खानदेशात सहसा कोणी म्हणत नाही. त्याचे कारण इतिहासात आहे, आणि तोही फार जुना इतिहास नाही. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला, पण फर्दापूर आणि लेण्यांचा परिसर निजामाच्या मुलखात राहिला. पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल १८१९ रोजी, जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपले नाव कोरून ठेवले. त्यानंतर अजिंठ्याची निगराणी, दुरुस्ती, गुलाम याझदानींचे मोठे ग्रंथ हे सगळे हैदराबाद संस्थानाच्या खात्यातून झाले. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच आजचे जळगाव आणि धुळे, नंतर धुळ्यातून नंदुरबार निघाले. लेणी तेव्हाही हद्दीपलीकडे होती आणि आजही आहेत: तालुका सोयगाव, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. जळगावहून साठेक किलोमीटर आणि संभाजीनगरहून शंभर, एवढाच काय तो फरक. हद्दीवरून भांडण उकरून काढण्याची माझी मुळीच इच्छा नाही. पण दीड हजार वर्षांपूर्वी या लेण्यांपैकी काही ज्यांनी खोदवली आणि रंगवली त्यांचे राज्य घाटाच्या कोणत्या बाजूला होते, हा प्रश्न हद्दीच्या दगडांनी सुटत नाही. तो लेण्यातल्याच एका दगडाने सुटतो, निदान काही अंशी.

डोंगरातले छोटे बौद्ध राज्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिमालय येतो. लडाख, भूतान, किंवा १६४२ पासून नामग्याल घराण्याकडे असलेले आणि १९७५ मध्ये भारतात विलीन झालेले सिक्कीम. सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेच्या पायथ्याशी, केळी आणि कापसाच्या मुलखात असे राज्य होऊन गेले असेल, ही कल्पना आपल्याला सुचत नाही. ते होते. संस्कृत ग्रंथांत त्या प्रदेशाचे नाव ऋषिक असे येते, प्राकृतात असिक.

सतराव्या लेण्याच्या ओसरीबाहेर, भिंतीवर, एक संस्कृत पद्यलेख कोरलेला आहे. पर्यटक त्याच्याजवळून आत जातात, कारण आत विश्वंतर जातक आहे, सिंहल अवदान आहे, षड्दंत हत्ती आहे, आणि कपिलवस्तूला परतलेल्या बुद्धापुढे राहुलला घेऊन उभी असलेली यशोधरा आहे. बाहेरच्या झिजलेल्या अक्षरांकडे कोण बघणार? लेखाचा बराच भाग पावसापाण्याने गेला आहे. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाडांनी तो वाचला, मग भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी, आणि शेवटी वासुदेव विष्णु मिराशींनी वाकाटकांच्या लेखांच्या १९६३ मधील ग्रंथात त्याची सविस्तर चर्चा केली. मिराशींचे ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हे पुस्तक १९५७ पासून मराठीत उपलब्ध आहे. ज्यांना इंग्रजी ग्रंथ जड वाटतात त्यांनी तिथून सुरुवात करावी. मीही तिथूनच केली.

लेख एका राजघराण्याची वंशावळ देतो. धृतराष्ट्र, मग हरिसांब, शौरिसांब, उपेंद्रगुप्त, काच, भिक्षुदास, नीलदास, पुन्हा एक काच आणि कृष्णदास. या कृष्णदासाला दोन मुलगे. थोरल्याकडे राजपद होते. धाकट्याचे नाव रविसांब. दोघा भावांनी मिळून अश्मक वगैरे देश जिंकले, आणि मग ते सूर्यचंद्रासारखे शोभू लागले, असे लेख सांगतो. पुढचा भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. अनित्यतेची वीज कोसळली आणि धाकटा भाऊ गेला. थोरल्याचे मन राज्यातून उडाले. त्याने दानधर्म वाढवला, स्तूप आणि विहार उभारले, आणि हाच डोंगर कोरून एका दगडातले हे मंडपरत्न घडवले. शिवाय पश्चिमेला एक भव्य गंधकुटी करवली आणि पाण्याचे टाकेही खोदवले. हे सगळे झाले तेव्हा पृथ्वीचे पालन हरिषेण करत होता, असेही लेख नोंदवतो. हरिषेण म्हणजे वाशीमच्या, वत्सगुल्म शाखेच्या वाकाटकांचा शेवटचा मोठा राजा. त्यामुळे काळ पक्का होतो: इसवी सनाच्या पाचव्या शतकाचा उत्तरार्ध.

मंडपरत्न म्हणजे अर्थातच सतरावे लेणे. गंधकुटी म्हणजे एकोणिसावे, अंगणात नागराजा आणि त्याची राणी शांत बसलेले आहेत ते चैत्यगृह. अजिंठ्यात ही दोन लेणी काढून टाका आणि मग काय उरते ते पाहा. पुष्कळ उरते, हे खरे. पण रंगांचा सर्वांत मोठा साठा आणि दगडाचे सर्वांत नेटके कोरीव काम आपण गमावलेले असते.

आणि या सगळ्याला पैसा पुरवणारा राजा हरिषेण नव्हता. हे ठासून सांगावे लागते, कारण शाळेच्या पुस्तकापासून सहलीच्या पत्रकापर्यंत ‘अजिंठा वाकाटकांनी खोदवला’ असे एका वाक्यात उरकले जाते. सोळावे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे, सव्विसावे अश्मकांच्या भव्विराज नावाच्या मंत्र्याच्या स्मरणार्थ बुद्धभद्र या भिक्षूचे, आणि सतरावे व एकोणिसावे या मांडलिक राजाचे. सम्राटाचे नाव काळ मोजायला उपयोगी पडले, खर्च मात्र वेगवेगळ्या थैल्यांतून झाला.

आता हा मांडलिक राजा कुठला? लेखात त्याच्या देशाचे नाव वाचता येत नाही. इथेच मिराशींचे काम महत्त्वाचे ठरते. त्यांनी दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तल्या आठव्या उच्छ्वासाकडे लक्ष वेधले. तिथे विदर्भाच्या एका तरुण, चैनी राजाच्या नाशाची कथा आहे. अश्मकाचा राजा वसंतभानू कपटाने त्याच्या मांडलिकांना फितवतो, आणि त्या मांडलिकांत कुंतल, मुरल, कोकण, नासिक्य यांच्याबरोबर ऋषिकाचा राजाही आहे. कथेतली नावे बनावट, पण देशांची मांडणी खरी असावी, दंडीने वाकाटक साम्राज्याच्या शेवटाची आठवण कथेत गुंफली असावी, असे मिराशींचे म्हणणे. कादंबरीला दस्तऐवज मानण्याचा धोका त्यांना ठाऊक होता. पण देशांची यादी ही कादंबरीकाराला उगाच रचावी लागत नाही. ती त्याच्या काळच्या लोकांच्या तोंडी असते.

या यादीला आधार देणारा दुसरा लेख नाशिकला आहे. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, ताब्यातले देश मोजले आहेत: असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकरावंती. आता एक साधा खेळ करून पाहा. नकाशा घ्या आणि ज्यांची जागा ठाऊक आहे ते देश त्यावर ठेवा. मूलक म्हणजे पैठणचा परिसर. अश्मक त्याच्या लगत, गोदावरीकाठी. अपरान्त म्हणजे उत्तर कोकण. अनूप म्हणजे नर्मदेवरच्या महेश्वराचा भाग. विदर्भ तर विदर्भच. सुराष्ट्र आणि अवंती कुठे आहेत हे सांगायला नको. हे सगळे मांडल्यावर मध्ये एक लांबट मोकळी पट्टी उरते, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठा आणि मधून वाहणारी तापी. सातवाहन राजा अनूपापर्यंत पोचला आणि तापीचे खोरे त्याच्या यादीत नाही, असे होणे नाही. यादीतले उरलेले नाव आणि नकाशातली उरलेली जागा एकमेकांना शोभतात. रामायणाच्या किष्किंधाकांडात दक्षिणेला जाणाऱ्या वानरांना सांगितलेल्या देशांतही, काही पाठांत, विदर्भाच्या जोडीला ऋषिकांचे नाव येते.

याला कोणी गणिती सिद्धता म्हणणार नाही. खारवेलाच्या हाथीगुंफा लेखात असिकनगर कण्हबेण्णा नदीशी जोडलेले आहे आणि त्या नदीवरून वाद आहेत. मिराशी तिला नागपूरजवळची कन्हान म्हणतात, दुसरे कृष्णा म्हणतात. पण सर्व पुरावा एकत्र ठेवला तर ऋषिक म्हणजे खानदेश हे उत्तर सर्वांत कमी ओढाताणीचे आहे. वाल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने अर्धे आयुष्य अजिंठ्यात घालवले. त्यांनीही ऋषिक अजिंठ्याच्या परिसरातच धरला.

इथे आपल्याकडच्या लोकांना एक मोह पडतो, त्याचा उल्लेख करतो. दंडीच्या कथेत ऋषिकाच्या राजाचे नाव एकवीर आहे. धुळ्यात पांझरेच्या काठी एकवीरा देवीचे मोठे देऊळ आहे. झाले, लगेच गोष्ट जुळते! मला हे जुळवून दाखवणारे तीन तरी लोक भेटले, त्यातले एक तर निवृत्त मुख्याध्यापक होते आणि त्यांनी फळ्यावर लिहूनच दाखवले. एकवीरा ही महाराष्ट्रभर पुजली जाणारी देवी आहे, कार्ल्यालाही तिचे ठाणे आहे. कथेतल्या राजाचे नाव आणि गावातल्या देवीचे नाव यांच्यामध्ये दीड हजार वर्षे आहेत, आणि त्या अंतरावर पूल बांधायला एकही दगड नाही.

असे पूल बांधले की काय होते, याचा धडा खानदेशाच्या इतिहासात एकदा मिळालेला आहे. शिरपूरला महाराज रुद्रदास नावाच्या राजाचा एक ताम्रपट मिळाला, वर्ष ११७. इंदूरहून मिळालेले स्वामिदास आणि भुलुंड यांचे ताम्रपट त्याच्याच जातीचे. हे राजे ‘वल्ख’ या ठिकाणाहून दानपत्रे देतात. १९५५ मध्ये कलचुरी लेखांचा ग्रंथ छापताना मिराशींनी हे तिघे खानदेशचे राजे मानले, वल्ख म्हणजे चाळीसगावजवळचे वाघळी असे सुचवले आणि वर्षे कलचुरी संवताची धरली. म्हणजे ११७ हे वर्ष चौथ्या शतकात जाते. तर्क वाईट नव्हता. वाघळी जुने गाव आहे. शके ९९१ चा यादवकालीन लेख तिथे आहे आणि त्यात मौर्य म्हणवणाऱ्या एका सामंताचे नाव येते. आमच्या भागात पन्नास-साठच्या दशकांत वाघळीच्या वल्खाचा अभिमान बराच होता. मग १९८२ मध्ये मध्य प्रदेशात बाघजवळ ताम्रपटांचा मोठा साठा सापडला, सत्तावीस पत्रे, आणि त्यात हेच राजे होते. दिलेली गावे नर्मदेच्या बाजूची. वल्ख बाघकडे सरकले, वर्षे गुप्त संवताची असावीत असे मत पुढे आले, आणि खानदेशच्या यादीतून तीन राजे एका झटक्यात गेले. शिरपूरचा पत्रा शिरपूरला सापडला एवढेच आता खरे. ताम्रपट हातात धरून नेता येतो, हे आपण विसरतो. भिंतीवरचा लेख नेता येत नाही. सतराव्या लेण्याच्या वंशावळीचे मोल मला म्हणूनच जास्त वाटते: ती जिथे कोरली तिथेच आहे.

त्या वल्खाच्या राजांपैकी काहींची नावे दास शब्दाने संपतात आणि ऋषिकांच्या घराण्यातही भिक्षुदास, नीलदास, कृष्णदास आहेत. दोन्ही घराणी एकच, असे म्हणण्यापर्यंत मी जाणार नाही. पण नर्मदा आणि तापीच्या खोऱ्यांत त्या काळात राजांची नावे ठेवण्याची एक पद्धत सारखी होती, इतके म्हणायला हरकत नसावी.

नावांचा प्रश्न निघालाच आहे तर आणखी एक. हे राज्य बौद्ध होते का? वंशावळ पुन्हा वाचा. हरिसांब, शौरिसांब, उपेंद्र, कृष्णदास. हरी, शौरी, उपेंद्र ही विष्णूकृष्णाची नावे, सांब हा कृष्णाचा मुलगा. मधला एक भिक्षुदास सोडला तर हे घराणे वैष्णव वळणाचे दिसते. सिक्कीमचा राजा चोग्याल म्हणजे धर्मराजाच होता. राजा आणि संघ यांची गाठ राज्याच्या पायातच बांधलेली. ऋषिकांचे तसे नव्हते. त्यांच्या घरात मुलाचे नाव कृष्णदास ठेवत आणि तोच कृष्णदासाचा मुलगा बुद्धाची गंधकुटी कोरवी. यात त्यांना विसंगती वाटत नव्हती. वराहदेव वाकाटकांचा मंत्री, ब्राह्मण घराण्यातला. त्यानेही विहारच कोरवला. आज आपण धर्माचे जे रकाने आखतो ते मनात ठेवून पाचव्या शतकात शिरले तर काहीच समजत नाही. हे राज्य बौद्ध होते ते आपल्या मनातल्या अर्थाने नव्हे, तर त्याने आपली सर्वांत मोठी संपत्ती कुठे खर्च केली या अर्थाने. माणूस आणि राज्य दोघांचीही खरी श्रद्धा खर्चाच्या वहीत कळते, असे माझे मत आहे.

ही संपत्ती आली कुठून? राज्य लहान होते. पण ते वाटेवर होते. पैठण, तेर या दक्षिणेतल्या बाजारपेठांचा माल भडोचला किंवा उज्जैनला न्यायचा तर घाट उतरून तापीचे खोरे ओलांडावेच लागे. कन्नडच्या घाटाच्या तोंडाशी, चाळीसगावच्या माथ्यावर, पितळखोरे आहे. तिथले कोरीव काम इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाइतके जुने आहे. म. न. देशपांडे यांनी पन्नासच्या दशकात तिथला ढिगारा काढला तेव्हा हत्तींची रांग आणि यक्षाची मूर्ती बाहेर आली. यक्षाच्या हातावर कण्हदास या सोनाराचे नाव आहे. तिथल्या दात्यांत पैठणचा गंधी आहे, मागिल नावाचा राजवैद्य आणि त्याची मुले आहेत. म्हणजे ऋषिक घराण्याच्या कितीतरी आधीपासून हा डोंगर व्यापाऱ्यांच्या आणि भिक्षूंच्या पायाखालचा होता. वाटेवरच्या राज्याला नाक्यावरची जकात मिळते, आणि खालच्या काळ्या जमिनीत पीक येते. शिवाय शांतता हवी. हरिषेणाच्या काळात ती काही वर्षे मिळाली.

फार वर्षे नाही. स्पिंक यांच्या हिशेबाने अजिंठ्याचे हे दुसरे पर्व जेमतेम अठरा-वीस वर्षांचे: सुमारे ४६२ पासून ४८० पर्यंत. सर्वच अभ्यासकांना हा हिशेब मान्य नाही. अनेक जण पाचव्या शतकाला सहाव्याची जोड देतात. रिचर्ड कोहेन यांनी तर स्पिंक यांच्या राजकीय कथेतल्या पायऱ्यांवरच बोट ठेवले. पण ओबडधोबड राहिलेली दारे, मध्येच सोडलेले खांब, रंगाची तयारी होऊन कोऱ्या राहिलेल्या भिंती, या गोष्टी घाईच्या आणि अचानक थांबलेल्या कामाच्या खुणा आहेत, हे लेण्यांत हिंडणाऱ्या कोणालाही दिसते. स्पिंक म्हणतात की ४६८ च्या सुमारास अश्मकांचे सावट पडले, कामे थांबली आणि फक्त स्थानिक राजाची कामे चालू राहिली. काही वर्षांत अश्मकांनी ऋषिकांचा पाडाव केला.

म्हणजे ज्या अश्मकांना जिंकल्याची फुशारकी सतराव्या लेण्याच्या भिंतीवर आहे, त्यांनीच हे राज्य संपवले, असा या मांडणीचा अर्थ. आणि सव्विसाव्या लेण्याचा लेख वाचला की या मांडणीला बळ मिळते. तिथे अश्मकराजाच्या मंत्र्याचे कौतुक आहे, थोर भिक्षू अचल यांचा आदराने उल्लेख आहे. पण हरिषेणाचे नाव नाही, आणि सतराव्या लेण्याच्या धन्याचे तर नाहीच. एकाच डोंगरात, चालत पाच मिनिटांच्या अंतरावर.

आता त्या धन्याच्या नावाकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात जास्त जपून बोलण्याची जागा ती आहे. लेखाच्या वाचता येणाऱ्या अक्षरांत थोरल्या भावाचे नाव नाही. तो राजा होता एवढेच आहे. धाकट्याचे नाव, मेलेल्या भावाचे, स्पष्ट आहे. विसाव्या लेण्यातल्या एका तुटक्या दानलेखात ‘उपेंद्र’ हे नाव वाचले गेले. वंशावळीत पूर्वी एक उपेंद्रगुप्त होऊन गेलाच होता; पूर्वजाचे नाव पुन्हा ठेवण्याची रीत घराण्यात होती, काच दोनदा आलाच आहे. या दोन गोष्टी जोडून स्पिंक यांनी सतराव्या लेण्याच्या राजाला उपेंद्रगुप्त म्हटले. अंदाज म्हणून तो चांगला आहे. पण स्पिंक यांच्या भारदस्त ग्रंथांमुळे तो आता अंदाज राहिलेला नाही. पुस्तकांत, माहितीपटांत, वाटाड्यांच्या तोंडी ‘राजा उपेंद्रगुप्त’ असा तो सरळ वावरतो. त्याचा स्वभाव, त्याचे बजेट, त्याची चिंता यांचीही वर्णने होतात. परवा एका महाविद्यालयीन स्पर्धेत ‘खानदेशचा बौद्ध सम्राट उपेंद्रगुप्त’ असा विषय दिलेला पाहिला. सम्राट! बिचारा मांडलिक होता. त्याने स्वतःच भिंतीवर हरिषेणाचे नाव आपल्यावर ठेवले आहे.

मला हा राजा निनावीच ठेवावासा वाटतो. अभिमानाला नाव लागते हे मी समजू शकतो. निनावी माणसाचा पुतळा उभारता येत नाही, चौकाला त्याचे नाव देता येत नाही. पण लेखात जे आहे ते नावापेक्षा जास्त आहे. राजप्रशस्ती हा फार कंटाळवाणा साहित्यप्रकार आहे. शत्रूंचे हत्ती, दिगंतातली कीर्ती, पायाशी लोळणारे मुकुट, हे सगळे ठरलेले. या लेखातही ते आहे. पण मध्येच भावाचा मृत्यू येतो आणि लेखाची दिशा बदलते. पाचव्या शतकातल्या किती राजांनी आपल्या इमारतीचे कारण ‘माझा भाऊ गेला’ असे सांगितले आहे? विजय मिळवल्यावर देऊळ बांधणारे पुष्कळ. हा आधी जिंकला, मग हरवला, आणि मग बांधू लागला.

आतल्या चित्रांत ताटातूट फार आहे. विश्वंतर आपली मुले देऊन टाकतो. शाम बाणाने पडतो आणि त्याचे आंधळे आईबाप त्याच्यावर ओणवे होतात. यशोधरा दारात उभी राहते. हे विषय बौद्ध कलेत सर्वत्र आहेत. भावाच्या दुःखामुळे ते निवडले गेले असे म्हणणे माझ्या धाडसाबाहेरचे आहे. पण बाहेरचा लेख वाचून आत गेलेला माणूस आणि न वाचता गेलेला माणूस, दोघांना ती भिंत सारखी दिसत नाही, हे मी पाहिले आहे. गेल्या काही वर्षांत जळगाव-धुळ्याकडच्या शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या चार-पाच गटांबरोबर मी तिथे गेलो. मी त्यांना आधी ओसरीच्या बाहेर उभे करतो, वंशावळ वाचून दाखवतो, आणि रविसांबापाशी थांबतो. मग आत सोडतो. मुले आत गेल्यावर बोलायची थांबतात. अंधार आणि गारवा हेही त्याचे कारण असेल.

आपल्याकडून करण्यासारखे काय आहे? खानदेशात जमिनीखाली काम थोडेच झाले. गिरणेकाठी बहाळ, तापीकाठी प्रकाशे, इथे पन्नासच्या दशकात उत्खनने झाली. पण त्या काळी साऱ्यांचे लक्ष ताम्रपाषाणयुगाकडे होते, आणि ते रास्तही होते, कारण त्यांना तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची खापरे मिळत होती. वरच्या थरांतल्या ऐतिहासिक काळाला मागची बाक मिळाली. आपल्या गावोगावच्या पांढरी आता शेतात सपाट होत आहेत, पांढरीची माती ट्रॉलीने विकली जाते. जामनेर, पाचोरा, भडगाव, चाळीसगाव या तालुक्यांत पांढरीवर पावसानंतर फिरले की विटांचे तुकडे, लाल झिलईची खापरे, शंखाच्या बांगड्या आजही वर येतात. शाळकरी मुलांनी त्यांची जागा लिहून, छायाचित्र काढून, वस्तू तिथेच ठेवून नोंद केली तरी दहा वर्षांत तापीच्या दक्षिण काठाचा एक उपयोगी नकाशा तयार होईल. धुळ्यात राजवाड्यांनी शेवटचे दिवस काढले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तिथेच गेले. कागद कसे गोळा करायचे ते या भागाला त्यांनी शिकवले. खापरे गोळा न करता नोंदवायची कशी, हे आपण शिकायचे राहिले आहे.

अश्मकांनी ऋषिकांना संपवल्यावर त्यांनाही फार काळ मिळाला नाही. वाकाटक गेले, आणि सहाव्या शतकात या भागावर कलचुरींचा अंमल दिसतो. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला. राज्याच्या पूर्व सीमेवर, डोंगराच्या घळीत कोरलेल्या एका मोठ्या संघारामाचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे; ते अजिंठ्याचेच, याबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही. संघाराम कोणी बांधला हेही त्याने विचारले असावे, कारण उत्तर त्याने नोंदवले आहे. अर्हत आचाराने बांधला, असे त्याला सांगण्यात आले. सव्विसाव्या लेण्यातले स्थविर अचल ते हेच असावेत. मध्ये दीड-पावणेदोनशे वर्षे गेली होती. भिक्षूचे नाव लोकांच्या तोंडी टिकले होते, आणि तिथे कोणीही त्याला भाऊ गमावलेल्या राजाबद्दल काही सांगितले नाही.